मस्तिष्क व मेरुरज्जू प्रतिमादर्शन : वऱ्हाडातील विरळ विकार

मस्तिष्क (मेंदू) आणि मेरुरज्जू (पृष्ठवंशातून खाली जाणारा मज्जारज्जू) हे अवयव कवटी व मणके यांच्या अस्थिमय आवरणात बंदिस्त असल्यामुळे त्यांची तपासणी पोट किंवा छाती यांच्याप्रमाणे हात लावून अथवा ठोकून करता येत नाही. त्यांच्या विकारांचे स्थान व स्वरूप ठरविण्यासाठी क्ष-किरण, श्राव्यातीत (मानवी कानास ऐकू न येणारे) ध्वनितरंग, चुंबकीय क्षेत्र इत्यादींच्या साहाय्याने चित्रे मिळविण्याच्या पद्धतींस तंत्रिका प्रतिमादर्शन म्हणतात. जे विकार जगात एकंदरीत विरळ आहेत किंवा नेहमीच्या विकाराचेच अपवादात्मक रूप आहेत, त्यांच्या बाबतीत या पद्धतींचा उपयोग अधिक व धोकाही अधिक असतो; कारण प्रतिमेत दिसतो तो आकार, रोगाचे नाव नव्हे. रुग्ण कोणत्या भागातला, तेथील पाणी कोणते, आहार कोणता, कुटुंबातील विवाहसंबंध कसे, हे ठाऊक नसेल तर एकाच आकाराचे दोन-तीन अर्थ संभवतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम या जिल्ह्यांचा वऱ्हाड प्रदेश या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. एकीकडे पूर्णा नदीचे गाळाचे खोरे, दुसरीकडे मेळघाटचा डोंगराळ प्रदेश, दक्षिणेस पैनगंगेकडील खडकाळ जमीन आणि मध्ये कापसाच्या बाजारपेठांची गावे, अशा या भूभागात एकाच तक्रारीमागे अगदी भिन्न कारणे असू शकतात.

ही तक्रार बहुतेक वेळा साधी असते : पाय ताठरतात, चालताना अडखळायला होते, काही महिन्यांनी आधारावाचून उभे राहता येत नाही. शेतमजुराच्या घरात यामुळे एक माणूस कामातून जातो. यांपैकी काही विकारांत वेळेवर उपचार झाले तर पाय पूर्ववत होतात, काहींत रोग फक्त थोपविता येतो व काहींत काहीच करता येत नाही. ही निवड करणे हे प्रतिमादर्शनाचे खरे काम होय.

पद्धतींचा विकास : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. साध्या क्ष-किरण चित्रात अस्थी स्पष्ट दिसतात, परंतु मेंदू व मेरुरज्जू दिसत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रारंभी धाडसी उपाय योजण्यात आले. अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८-१९ मध्ये मस्तिष्कातील विवरांत हवा भरून त्यांची चित्रे घेतली. या तपासणीनंतर रुग्णास तीव्र डोकेदुखी व वांत्या होत. सीकार व फॉरेस्त्ये या फ्रेंच वैद्यांनी १९२०–३० या दशकाच्या आरंभी मेरुरज्जूभोवतीच्या पोकळीत आयोडीनयुक्त तेल सोडून तिच्यातील अडथळा दाखविला. हे तेल पुढे वर्षानुवर्षे तेथेच राही. पोर्तुगालचे ईगास मोनीश यांनी १९२७ मध्ये मस्तिष्काच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण केले.

खरा पालट संगणकीय छेददर्शनाने (सीटी) झाला. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाची तपासणी लंडन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाली. या कार्याबद्दल हाउन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनात (एमआरआय) क्ष-किरण वापरले जात नाहीत. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या शरीरातील हायड्रोजन अणुकेंद्रांना रेडिओ तरंगांनी उत्तेजित करून त्यांच्याकडून येणाऱ्या संदेशांपासून चित्र रचले जाते. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये अशा प्रतिमेचे तत्त्व मांडले आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी पद्धतीस गणिती रूप व वेग दिला. दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. ताजा रक्तस्राव, अस्थी व कॅल्शियमाचे साठे छेददर्शनात चांगले दिसतात. मेरुरज्जू, मस्तिष्कातील श्वेतद्रव्य व मणक्यांमधील मज्जा चुंबकीय प्रतिमेत. या दोन यंत्रांपैकी एक जुने व दुसरे नवे, म्हणून दुसरे नेहमीच श्रेष्ठ, असा जो समज रूढ आहे तो बरोबर नाही.

पृष्ठवंशाच्या क्षयाची अपवादात्मक रूपे : पाय लुळे पडण्याचे भारतातील एक प्रमुख कारण पृष्ठवंशाचा क्षय हे आहे. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णन केल्यामुळे त्यास पॉट यांचा रोग असेही म्हणतात [⟶ क्षयरोग]. नेहमीच्या प्रकारात लगतचे दोन मणके व त्यांमधील चकती झिजते, बाजूस पू साठतो व पाठीला कुबड येते. हे सर्व साध्या क्ष-किरण चित्रात दिसते. मात्र अस्थीतील खनिजाचा बराच मोठा अंश, साधारणतः एक तृतीयांश किंवा अधिक, नाहीसा होईपर्यंत ते चित्र निर्दोष भासते. चुंबकीय प्रतिमेत मज्जेतील सूज त्यापूर्वीच उमटते.

विरळ रूपे याहून फसवी असतात. कधी रोग मणक्याच्या मागील कमानीपुरता मर्यादित असतो. कधी एकच मणका चपटा होतो व अर्बुदाची (कर्करोगाच्या गाठीची) शंका येते. कधी दूरदूरचे मणके बाधित असून मधले निरोगी असतात, म्हणून दुखऱ्या भागाचेच चित्र न काढता संपूर्ण पृष्ठवंशाचे एक सर्वेक्षण-चित्र घेणे श्रेयस्कर ठरते. अस्थी पूर्णपणे निरोगी असूनही मेरुरज्जूच्या आवरणांत क्षयजन्य दाह होऊन पाय लुळे पडतात, ही गोष्ट मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नोशीर वाडिया व विकृतिवैज्ञानिक दाराब दस्तूर यांनी १९६९ मध्ये तपशीलवार मांडली. त्या काळी त्यांच्यापाशी मेरुरज्जू-पोकळीत रंजक द्रव्य सोडून घेतलेली क्ष-किरण चित्रेच होती. त्यांत द्रव्याचा स्तंभ अखंड न दिसता तुटक व मेणबत्तीवर ओघळलेल्या मेणासारखा दिसे. आज चुंबकीय प्रतिमेत तीच विकृती चिकटलेल्या तंत्रिकामुळांच्या जुडग्याच्या रूपाने ओळखू येते.

उपचार चालू असताना पहिले काही महिने प्रतिमा सुधारत नाही. क्वचित अधिक बिघडल्यासारखी दिसते, रुग्ण मात्र चालू लागलेला असतो. अशा वेळी केवळ प्रतिमेवर विसंबून औषधे बदलणे चुकीचे ठरते. उलट रुग्णाची शक्ती घटत असेल तर प्रतिमा कितीही आश्वासक असली तरी तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

कवटी व मान यांच्या संधीचे विकार : कवटीच्या तळाशी असलेल्या पहिल्या (शिरोधर) व दुसऱ्या (अक्षक) मणक्यांची रचना जन्मतःच सदोष असणे हे पाश्चात्त्य देशांच्या मानाने भारतात अधिक आढळते. अक्षक मणक्याचा दंतासारखा उंचवटा शिरोधराच्या कमानीत पट्टबंधांनी घट्ट धरलेला असतो. हे बंध दुर्बल असले किंवा दंत कवटीशी अयोग्यरीत्या जोडलेला असला म्हणजे मान पुढे वाकविताच मेरुरज्जू चेपला जातो. वाडिया यांनी १९६७ मध्ये अशा जन्मजात विस्थापनातून होणाऱ्या मेरुरज्जूच्या विकाराचे महत्त्वाचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्णाची मान आखूड, केसांची मागील कड खाली आलेली असते. कित्येकदा याकडे घरात कोणाचेही लक्ष गेलेले नसते. एखादा तरुण डोक्यावर कडब्याची पेंढी किंवा पाण्याची घागर घेऊन चालताना साधा घसरून पडतो आणि चारही हातपाय लुळे पडतात.

येथे प्रतिमेचा प्रश्न यंत्राचा नसून शारीर स्थितीचा आहे. मान सरळ ठेवून काढलेले चित्र पूर्णपणे निर्दोष असू शकते. मान पुढे वाकवून व मागे नेऊन बाजूने घेतलेली दोन साधी क्ष-किरण चित्रे शिरोधराची पुढील कमान व दंत यांमधील अंतर दाखवितात. प्रौढांत हे अंतर ३ मिमी.पेक्षा व बालकांत ५ मिमी.पेक्षा अधिक असल्यास विस्थापन समजतात. ही चित्रे तालुक्याच्या ठिकाणीही काढता येतात. फक्त ती काढण्याचे सुचावे लागते, आणि मान वाकविताना वैद्याने स्वतः उपस्थित राहावे लागते. मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयातील अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये या दोन मणक्यांना पट्टिका व मळसूत्रे (स्क्रू) बसवून स्थिर करण्याची पद्धती प्रसिद्ध केली. युर्गेन हार्म्स यांनी २००१ मध्ये तीत फेरफार केला व ती आता जगभर वापरली जाते. शस्त्रक्रियेपूर्वी छेददर्शनाने मळसूत्रांचा मार्ग व जवळून जाणाऱ्या कशेरुक रोहिणीचे स्थान आखून घ्यावे लागते.

शारीर स्थितीनुसार बदलणाऱ्या प्रतिमेचे दुसरे उदाहरण म्हणजे तरुण पुरुषांत एका हाताचे स्नायू हळूहळू झिजणारा हिरायामा रोग. जपानी तंत्रिकाविशारद केइझो हिरायामा यांनी त्याचे वर्णन १९५९ मध्ये केले. बंगलोर येथील एम्. गौरीदेवी यांनी १९८४ मध्ये भारतीय रुग्णांतील एकाच अवयवाच्या स्नायुशोषाविषयी लिहिले. मान वाकविली असता मेरुरज्जूचे मागील आवरण पुढे सरकून रज्जू चपटा होतो व मागे चंद्रकोरीच्या आकाराची शिरांनी भरलेली जागा दिसते. सरळ स्थितीतील चित्रात यांपैकी काहीही नसते. रोग काही वर्षांनी आपोआप थांबतो. परंतु ते ठाऊक नसल्यास याच तरुणाला असाध्य अशा चेतक तंत्रिकांच्या रोगाचे निदान ऐकावे लागते.

पाण्यातील फ्ल्युओराइड : भूजलात फ्ल्युओराइडाचे प्रमाण अधिक असलेल्या प्रदेशात दीर्घकाळ ते पाणी पिणाऱ्या लोकांच्या अस्थी अतिघन होतात व पट्टबंधांत चुना साठून ते अस्थिरूप धारण करतात. भारतातील या विकाराचे पहिले वर्णन १९३७ मध्ये त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाले. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिग्रॅ. ही भारतीय मानकाप्रमाणे इष्ट व १.५ मिग्रॅ. ही कमाल मर्यादा आहे. वऱ्हाडात यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसराच्या भूजलात हे प्रमाण मर्यादेबाहेर आढळल्याची नोंद आहे. अवर्षणानंतर उथळ विहिरी सोडून विंधन विहिरींचे पाणी पिण्याची पाळी आलेल्या गावांत हा धोका संभवतो. पूर्णेच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाण पट्ट्याशी याची गल्लत करू नये. तेथील पाण्याचा मुख्य दोष क्षारांचा असून त्याची चव जिभेला कळते. फ्ल्युओराइडाला चव नसते.

दातांवरील पिवळे-तपकिरी पट्टे ही पहिली खूण. पुढे कंबर व मान ताठरते, मागे वळून पाहण्यासाठी संपूर्ण शरीर वळवावे लागते. मणक्यांमागील लांब पट्टबंध व कमानींमधील पीत पट्टबंध अस्थिमय होऊन मेरुरज्जूची नलिका अरुंद झाली म्हणजे पाय लुळे पडतात. पृष्ठवंशाच्या क्ष-किरण चित्रात मणके खडूसारखे पांढरे दिसतात. हाच देखावा पुरःस्थ ग्रंथीचा (प्रोस्टेटचा) कर्करोग अस्थींत पसरल्यानेही दिसू शकतो, आणि वृद्ध पुरुषाच्या बाबतीत ही शंका साहजिक असते. तिचे निरसन बहुधा एका स्वस्त तपासणीने होते : कोपर ते मनगट या भागाचे साधे चित्र काढावे. तेथील दोन अस्थींना जोडणाऱ्या पडद्यात चुना साठून काटेरी कडा दिसल्या तर फ्ल्युओराइडाचे निदान जवळजवळ निश्चित होते. पाठीच्या आजाराचे उत्तर हाताच्या चित्रात मिळावे, हे रुग्णाला विचित्र वाटते व एवढ्याशा तपासणीसाठी तो कुरकुरतो. परंतु कित्येक हजार रुपयांच्या तपासण्या तिच्यामुळे टळू शकतात. मेरुरज्जू किती ठिकाणी चेपला आहे हे मात्र चुंबकीय प्रतिमेवाचून कळत नाही, आणि शस्त्रक्रिया केली तरी त्याच विहिरीचे पाणी चालू राहिल्यास रोग वाढतच जातो.

लाखी डाळीचा लुळेपणा : विदर्भात, विशेषतः पूर्वेकडील भात पिकविणाऱ्या जिल्ह्यांत, लाख किंवा लाखोळी या कडधान्याचे पीक निघते. दुष्काळात महिनोन् महिने तीच डाळ मुख्य अन्न झाली असता तीतील विषारी द्रव्यामुळे पाय कायमचे ताठर होऊन माणूस चवड्यांवर काठी टेकत चालतो. १९६१ मध्ये केंद्र शासनाच्या नियमाने अनेक राज्यांत या डाळीच्या विक्रीस बंदी आली. वऱ्हाडात नवे रुग्ण आता क्वचितच दिसतात. येथे त्याचा उल्लेख एका कारणासाठी आवश्यक आहे : या रोगात लुळेपणा ठळक असूनही मस्तिष्क व मेरुरज्जू यांच्या प्रतिमा बहुधा निर्दोष असतात. ‘चित्रात काही नाही’ याचा अर्थ ‘रोग नाही’ असा घेणे चुकीचे असते. अशा रुग्णाला ढोंगी ठरविण्याऐवजी त्याने कोणत्या वर्षी काय खाल्ले हे विचारले तर निदान होते.

सिकलसेल रोगातील मणके व मस्तिष्क : दात्र-कोशिका पांडुरोग (सिकलसेल) हा हीमोग्लोबिनाचा आनुवंशिक विकार असून त्यात ऑक्सिजनाचे प्रमाण कमी झाले असता रक्तातील तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या होतात व बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात. मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाकडे नागपूरच्या आर्. एन्. शुक्ल व बी. आर्. सोलंकी यांनी १९५८ मध्ये लक्ष वेधले. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांतील कोरकू समाजात व विदर्भातील इतर अनेक समाजांत तो आढळतो. मेळघाटात बालकांचा फिकटपणा व वाढ खुंटणे यांचा संबंध कुपोषणाशी जोडण्याची सवय झाली आहे. ती निराधार नाही. परंतु तीमुळे हा रोग झाकला जाण्याचा संभव असतो.

पृष्ठवंशाच्या बाजूने घेतलेल्या क्ष-किरण चित्रात या रोगाची एक विशिष्ट खूण असते. मणक्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांचा मधला भाग लांबून येणाऱ्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असल्यामुळे तेथील वाढ खुंटते. कडांना रक्त जवळून मिळते, म्हणून त्या वाढत राहतात. परिणामी मणका दोन्ही बाजूंनी मध्येच पायरीसारखा खचलेला दिसतो. वाळलेल्या माशाच्या मणक्यासारखा दिसणारा बाक आणि हा पायरीदार खोलगटपणा यांत भेद करावा लागतो, कारण पहिला अस्थी मृदू करणाऱ्या इतर विकारांतही दिसतो. याच रुग्णांना अस्थींचा जंतुजन्य दाह होण्याची प्रवृत्ती असते, आणि रक्तपुरवठा तुटून मेलेली अस्थी व जंतूंनी पोखरलेली अस्थी पहिल्या काही दिवसांत चुंबकीय प्रतिमेतही सारखीच दिसू शकते.

मस्तिष्कातील परिणाम अधिक गंभीर असतात. अंतर्गत मन्या रोहिणीच्या कवटीतील शाखा अरुंद होऊन लहान मुलाला पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. दीर्घकाळ चाललेल्या अरुंदपणामुळे तळाशी बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे तयार होते. रक्तवाहिनीचित्रणात ते धुराच्या पुंजक्यासारखे दिसते, म्हणून जपानी शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये अशा अवस्थेस ‘मोयामोया’ हे नाव दिले. झटका येण्यापूर्वीच धोका ओळखण्याची एक सोपी पद्धत आहे. कानशिलाच्या पातळ अस्थीतून ध्वनितरंग सोडून मधल्या रोहिणीतील रक्ताचा वेग मोजतात. सरासरी वेग सेकंदाला २०० सेंमी. किंवा अधिक असेल तर झटक्याचा संभव पुष्कळ असतो. अशा बालकांना नियमित रक्त दिले असता पहिल्या झटक्याचे प्रमाण सु. ९० टक्क्यांनी घटते, हे अमेरिकेतील चाचणीत १९९८ मध्ये सिद्ध झाले. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाचे प्रमाण अधिक असल्याने हा झटका आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा कमी आढळतो असे मानतात. तथापि सौम्य म्हणून दुर्लक्ष करण्याइतका तो विरळ नाही. रक्ताच्या वेगाचे मापन करणारे यंत्र उचलून नेता येते व त्यात किरणोत्सर्ग नसतो. डोंगराळ भागासाठी मोठ्या चुंबकीय यंत्रापेक्षा तेच अधिक उपयोगी आहे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. त्याचा भर रक्ततपासणीवर आहे.

मस्तिष्कातील एकटी लहान गाठ : अपस्माराचा (फेफऱ्याचा) पहिला झटका आलेल्या तरुणाच्या छेददर्शनात कित्येकदा एकच लहान, कडेने उजळणारी गोल छटा दिसते. पाश्चात्त्य देशांत ही अवस्था विरळ, भारतात नित्याची. १९८०–९० या दशकात अशी गाठ बहुधा क्षयाची समजून रुग्णास दीर्घकाळ क्षयविरोधी औषधे दिली जात. काही रुग्णांत ती काही आठवड्यांत आपोआप नाहीशी होई, व औषधांचा गुण आला असे वाटे. वेल्लोर येथील मॅथ्यू चांडी, वेदांतम् राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींचा ऊतक-नमुना तपासला व १९८९ च्या सुमारास दाखवून दिले की, त्यांपैकी पुष्कळशा फीतकृमीच्या डिंभाभोवती झालेल्या दाहाच्या आहेत. २० मिमी.पेक्षा लहान, गोल व मस्तिष्काला फारसा न ढकलणारी गाठ डिंभाची असण्याचा संभव अधिक. मोठी, वेडीवाकडी व सभोवती बरीच सूज असलेली क्षयाची. कोशाच्या आत टिंबासारखे डोके दिसले तर शंका उरत नाही.

हा रोग डुकराचे मांस खाणाऱ्यांनाच होतो, ही समजूत चुकीची आहे. मांसातील डिंभामुळे आतड्यात कृमी होतो. मस्तिष्कात डिंभ होतो तो कृमीची अंडी दूषित पाणी, कच्ची भाजी किंवा हात यांवाटे पोटात गेल्याने. त्यामुळे पूर्ण शाकाहारी कुटुंबातही तो आढळतो, आणि ‘आमच्या घरी हे शक्य नाही’ हे वाक्य वैद्याला वारंवार ऐकावे लागते.

मोठ्या डोक्याचा श्वेतद्रव्य-विकार : प्रतिमेनेच ज्याचा शोध लागला असा एक विकार वऱ्हाडच्या व्यापारी शहरांच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. यात बालकाच्या डोक्याचा घेर पहिल्याच वर्षी वाढू लागतो. चालणे थोडे उशिरा येते, पण मूल हसते, बोलते, शाळेत जाते. पुढे काही वर्षांनी तोल जाऊ लागतो, पाय ताठरतात, झटके येतात. डोक्याला किरकोळ मार लागूनही प्रकृती एकदम खालावू शकते. चुंबकीय प्रतिमेत मस्तिष्काचे श्वेतद्रव्य सर्वत्र सुजलेले व कानशिलाच्या भागात पाण्याने भरलेल्या पोकळ्या दिसतात. नेदर्लंड्सच्या मार्जो व्हान डर क्नाप यांनी १९९५ मध्ये या विकारास स्वतंत्र स्थान दिले. मुंबई येथील भीम सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास अग्रवाल समाजातील बालकांत तो आढळत असल्याचे दाखविले. २००१ मध्ये संबंधित जनुक सापडले व या समाजातील रुग्णांत त्या जनुकातील एकच ठरावीक दोष वारंवार असल्याचे आढळले. म्हणजे तो कोणा एका दूरच्या पूर्वजापासून आला असावा.

१८६७ मध्ये मुंबई–नागपूर लोहमार्ग पूर्ण झाल्यावर कापसाच्या व्यापाराला जी भरती आली, तिच्या काळात अकोला, अमरावती, खामगाव आदी पेठांत मारवाडी व अग्रवाल घराणी स्थिरावली. म्हणून या शहरांतील बालरोगतज्ञाला हा विकार माहीत असणे जरुरीचे आहे. तो अप्रभावी आनुवंशिक प्रकारचा असल्याने आईवडील निरोगी असतात व प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारात एक असतो. एखाद्या समाजाला कमीपणा आणणारे यात काही नाही. पिढ्यान् पिढ्या आपसांत विवाह करणाऱ्या कोणत्याही समूहात कोणता ना कोणता असा दोष साचतो, आणि अग्रवालांतला कळला तो त्यांच्यातील रुग्णांचा अभ्यास झाला म्हणून.

या विकारात प्रतिमा व रुग्ण यांची तफावत टोकाची असते. चित्र पाहणाऱ्याला वाटावे की हे मूल अंथरुणाला खिळलेले असेल. प्रत्यक्षात ते खोलीत धावत असते. लाखी डाळीच्या लुळेपणात दिसणाऱ्या स्थितीच्या ही नेमकी उलट आहे. २०११ मध्ये याच विकाराचा दुसऱ्या जनुकामुळे होणारा प्रकार ओळखण्यात आला. त्याच्या एका उपप्रकारात पहिली प्रतिमा तशीच भयंकर असते, परंतु काही वर्षांनी ती आपोआप सुधारते. तेव्हा केवळ पहिल्या प्रतिमेवरून आईवडिलांना मुलाचे भवितव्य सांगणे धोक्याचे आहे. जनुकीय तपासणी होईपर्यंत थांबणे, डोक्याला मार लागू न देणे व झटक्यांवर औषध देणे एवढेच योग्य.

वऱ्हाडातील सोयी : पूर्वी अशा रुग्णांना नागपूर, सेवाग्राम किंवा मुंबई गाठावी लागे. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ पासून व सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून कार्यरत आहे. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या स्मरणार्थ १९८४ मध्ये व अकोल्यास शासनातर्फे २००२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. लोकांच्या तोंडी ‘इर्विन’ या नावानेच असलेले जिल्हा सामान्य रुग्णालय व विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय हीही अमरावतीस आहेत. छेददर्शन व चुंबकीय प्रतिमा या दोन्ही सोयी आता या शहरांत मिळतात. तरीही धारणीहून अमरावती सु. १५० किमी. आहे व मार्ग घाटांतून जातो. मान अस्थिर असलेल्या रुग्णाला मानेला कडक पट्टा न बांधता या रस्त्याने आणणे हाच एक अपघात ठरू शकतो.

दूरच्या तज्ञाकडे प्रतिमा संगणकाद्वारे पाठविता येऊ लागल्याने वाचनाची अडचण बरीच दूर झाली आहे. मात्र चित्राबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीत बहुधा ‘पाय लुळे, मणक्याचे चित्र पाहावे’ एवढेच लिहिलेले असते. तीत गावाचे नाव, पिण्याच्या पाण्याचे साधन, दातांवरील पट्टे, सिकलसेलची तपासणी झाली की नाही, भावंडांची प्रकृती, मान वाकवून चित्र घेतले की सरळ ठेवून, आणि लक्षणे कधीपासून सुरू झाली हा मजकूर असेल, तर शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या वाचकाला त्याच चित्रातून पुष्कळ अधिक कळते. जुनी चित्रेही रुग्णाने जपून ठेवावीत. क्षयाचा मणका बरा होतो आहे की खचतो आहे, मस्तिष्कातील गाठ विरघळली की वाढली, हे दोन तारखांची चित्रे शेजारी शेजारी धरल्यावाचून सांगता येत नाही. जुन्या क्ष-किरण पट्ट्या घडी घालून किंवा उन्हात ठेवल्यास त्यांवर चरे पडतात व त्या एकमेकींना चिकटतात, म्हणून त्या कागदी पाकिटात सपाट ठेवाव्यात व प्रत्येकीवर तारीख असल्याची खात्री करून घ्यावी.